नर्सबाईच्या शिटाखालची कणकण

माह्या गॅरेजात आलेली गाडी चाळीस वर्षांत कधी दुसऱ्या मिस्त्रीकडं गेली नाही. म्या खोलून ठेवल्यावर ती कुठंच जायच्या लायकीची राहत नव्हती.

मी रशीद मिस्त्री, बोरी अरबचा. दारव्ह्याहून यवतमाळले जाताना कडुनिंबाखाली जे टिनाचं शेड दिसते, ते माह्यं. आता तिथं माहा लेक बसते, अन् मी बाजूच्या खाटेवर बसून त्याले चुकीचे सल्ले देतो. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलतो. दुसरीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरनंच हात जोडले. म्हणून हे मी सांगून राह्यलो अन् सून लिहून राह्यली. मधातच थांबून ती म्हणते, "अब्बा, हे असंच लिहू?" मी म्हणतो, लिही बेटा, जसं येते तसं लिही. धुतलं तं काही उरणार नाही.

दिवाळी अंकवाले सर म्हणे, मिस्त्री, तुमच्या धंद्यातलं एखादं मोठं काम सांगा. त्यायच्या मनात इंजिन उतरवलं, गिअरबॉक्स खोलला, असं काही असन. माह्या धंद्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक हालणारी गाडी, जिले मी चार महिने भलत्याच ठिकाणी हात लावत राह्यलो.

गाडी हालते, हे गिऱ्हाइकाले सांगायले सोपं अन् मिस्त्रीले ऐकायले लय अवघड. माणूस डॉक्टरकडं जाऊन "बरं वाटत नाही" म्हणते, तसं हाय हे. गाडी गळली तं जमिनीवर डाग पडते. तुटली तं दिसते. हालणारी गाडी मात्र मिस्त्रीपुढं आली की मामाच्या घरी आलेल्या पोरासारखी गुमान उभी राहते. म्हणून इचारा लागते. उभ्या-उभ्या हालते का? तं इंजिन ज्या रबरावर बसते, त्याले आम्ही फाउंडेशन म्हणतो, ते गेलं असन. साठच्या वर हालते अन् हळू केली की थांबते? तं चाकाचं वजन एका अंगाले जास्त झालं. ब्रेक मारला की हालते? तं चाकातला ड्रम वाकडा झाला. चढावर जोर दिला की हालते? तं इंजिनाची ताकद मागच्या चाकाले नेणारा जो लांब दांडा राहते, त्याचा जॉइंट घासला. स्टिअरिंगात हालते की शिटात? स्टिअरिंगात असन तं समोर पाहा, शिटात असन तं मागं पाहा.

हे सारं मले माह्या उस्तादनं शिकवलं. उस्ताद म्हणे, "रशीद, पहले पूछ. बाद में पाना उठा." मी आधी पाना उचलत गेलो. इचारणं म्हणजे आपल्याले समजत नाही हे चारचौघांत कबूल करणं, असं मले वाटे.

त्यापायी फजिती लय झाली. दारव्ह्याचा एक बियाणाचा दुकानदार हाय, त्याची गाडी आली. साठच्या वर गेली की स्टिअरिंग नाचे. म्या समोरचं सारं खोललं. बुश बदलले, बेरिंग बदलल्या, तीन दिवस गाडी उभी ठेवली. चौथ्या दिवशी माही बायको जमीला सडा मारायले निघाली अन् वाकून म्हणते, "अजी, इसके चक्के में तो पूरा खेत भरा है." शेठ पावसाचा वावरात गाडी घेऊन गेलता. काळी माती चाकाच्या अंदरच्या बाजूनं भरली अन् वाळून दगड झाली, तेही एकाच अंगाले. जमीलानं दोन बादल्या पाणी मारलं, गाडी नीट. शेठले म्या सांगतलं, "काम जरा मोठंच निघालं." जमीला दारात उभी राहून पदर तोंडाले लावून हसत व्हती.

त्या वक्ताले मी बी हसलो. आता ज्या गाडीचं सांगतो, तिचं हसू येत नाही.

भगत गुरुजी अन् नर्सबाई आमच्या गावचेच. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, बाई सरकारी उपकेंद्रातून. बाईंचं नाव सुमन, पण नावानं त्यायले फक्त पोस्टमन ओळखे, बाकी गाव नर्सबाई म्हणे. गावातली अर्धी पोट्टी त्यायच्या हातावर झाली. माह्या दोन्ही पोरी बी. दुसरीच्या वक्ताले जमीलाचं अवघड झालतं, अन् मी दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठ्यानं रडत व्हतो. बाई दार उघडून बाहेर आल्या अन् म्हणल्या, "मिस्त्री, रडायचं तं गेटच्या बाहेर जाऊन रडा. इथं अंदर बाईमाणूस काम करून राह्यलं." मी गेटच्या बाहेर जाऊन रडलो. घंट्याभरानं पोरगी झाली, दोघी बी नीट.

रिटायर झाल्यावर बाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी अन् शुक्रवारी, यवतमाळले डायलिसिस. रक्त मशीनमधून काढून, साफ करून वापस अंगात सोडतात, त्याले चार-चार घंटे लागतात. एसटीनं नेऊन पाह्यलं, तं परतताना स्टँडवरच चक्कर येऊन पडल्या. मग गुरुजींची गाडीच. जुनी, आठ शिटांची गाडी, मागून कमानपाट्याची, म्हणजे वजन पडलं की दबणाऱ्या लोखंडी पट्ट्यायची. बाई मागच्या शिटावर डाव्या बाजूनं उशी लावून, पाय वर घेऊन बसत. ती गाडी चालली तं बाई यवतमाळले पोचणार, अन् बाई पोचल्या तं जगणार. हे गावाले माहीत व्हतं. मले बी माहीत व्हतं.

पोळ्यानंतर महिन्याभरानं एका बुधवारी दोघं गॅरेजात आले. गुरुजी खिडकीतून म्हणले, "मिस्त्री, गाडी हालते म्हणते बाई."

"तुमाले हालल्यासारखी वाटते का, गुरुजी?"

"थोडी. मले वाटलं रस्ता असन."

मागून बाई म्हणल्या, "हालत नाही, कणकण करते. मिस्त्री, गाडीच्या अंगात कणकण हाय. आधी बारीक राहते, मग अंगभर होते."

मी म्हणजे असा माणूस, की जनाज्यात बी कोणी माह्या बाजूनं उभं राहत नाही, हसू येईन म्हणून. म्या म्हणलं, "बाई, कणकण असन तं ते तुमचं डिपार्टमेंट. तुम्ही एक गोळी देऊन पाहा. नाही उतरली तं मी पाहतो."

गुरुजी हसले. चहाच्या टपरीवरचे दोघं-तिघं हसले. बाई बी हसल्या. हसायले त्यायले जोर लावा लागे, हे मले दिसत व्हतं, तरी म्या हसवलं.

मग म्या तेच केलं जे आमच्या इकडं सगळेच करतात. म्हणलं, "बाई, तुम्ही उतरा. अंदर जमीलापाशी बसा, चहा घ्या. आम्ही चक्कर मारून येतो." गाडीची ट्रायल घ्यायची तं बायामाणसाले उतरवायचं, हा कायदा कोणी केला, मले माहीत नाही. बाई अंदर असली की मिस्त्रीले जोरात ब्रेक मारता येत नाही, शिवी देता येत नाही, म्हणून असन. जमीला त्यायले अर्धाच कप चहा दे, कारण पाण्याचं माप व्हतं त्यायले. अन् मी अन् गुरुजी जवळच्या अडाण नदीच्या पुलापर्यंत जाऊन वापस येऊ.

गाडी अशी चालली की मख्खन. तरी म्या समोरच्या बेरिंग बदलल्या. काही तं केलं पाहिजे ना.

पंधरा दिवसांनी दोघं वापस. बाई उतरल्या, जमीलाजवळ गेल्या, आम्ही पुलापर्यंत गेलो. मख्खन. फाउंडेशन बदललं. पुढच्या महिन्यात वापस. यवतमाळले पाठवून चाकं बॅलन्स करून आणली. वापस. मग लांब दांड्याचा जॉइंट बदलला. दर वक्ताले बाई एक पाय जमिनीवर ठेवत, मग दरवाजा धरून दुसरा, मग जमीला बाहेर येऊन त्यायचा हात धरे. दर वक्ताले मी अन् गुरुजी मख्खन गाडी घेऊन पुलावर जाऊन येऊ.

जॉइंट बदलल्यावरही बाई म्हणल्या की कणकण हायच. तेव्हा म्या गुरुजीले बाजूले घेतलं. आता जे सांगतो, ते सांगताना सून लिहायची थांबली व्हती. म्या तिले म्हणलं, लिही.

म्या म्हणलं, "गुरुजी, खरं सांगू का? गाडीत काही नाही. डायलिसिसनं कमजोरी येते. बाईंचं अंगच हालत असन, त्यायले वाटते गाडी हालते."

गुरुजींनी मान हालवली. त्यायले बी ते सोपं गेलं असन. गाडीत बिघाड असला तं गाडी चालवणाऱ्याले दिसाले पाहिजे व्हता. बाईंच्या अंगातच असला तं कोणाचाच गुन्हा नाही.

त्यानंतर बाईंची तक्रार आली नाही. मी समजलो, पटलं. आजारी माणसाले आपण म्हणलं की तुमचंच अंग हालते, तं तो पुन्हा कोणत्या तोंडानं सांगन, हा इचार मले शिवला नाही.

थंडीच्या दिवसांत, एका बुधवारी, गुरुजी पायीच आले अन् माह्या खाटेवर बसले. मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला.

"गाडी कुठं हाय, गुरुजी?"

"घरी. बाई शुक्रवारी गेली नाही. काल मंगळवार, काल बी नाही."

"काहून?"

"म्हणते, मशीन सहन होते, रस्ता सहन होत नाही. म्हणते, सुया टोचतात तिथं दुखत नाही, पण जाता-येता आतडे हालतात." गुरुजी माह्याकडं पाहत नव्हते. "डॉक्टरचा फोन आलता. अजून एक चुकली तं छातीत पाणी भरन म्हणते. म्या तिले लय समजावलं, मिस्त्री. म्हणलं, तुहा भास हाय."

गुरुजी गेले. संध्याकाळी जेवताना म्या हे जमीलाले सांगतलं. ती भाकर थापून राह्यली व्हती. हात थांबला.

"अजी, तुमने उनको पूछा?"

"किसको? गुरुजी को? हर बार पूछा."

"गुरुजी को नहीं. जिसके नीचे हिलता, उसको."

जमीलानं भाकर तव्यावर टाकली अन् जसं सामानाची यादी सांगावी तसं सांगत गेली. "लाडखेड आने को होता, तब शुरू होता. उसके पहले नहीं. बाएँ कूल्हे के नीचे से चढता. फिर गरम वास आता, इस्त्री में कपडा जले वैसा. जाते वक्त बी, आते वक्त बी. गुरुजी अकेले गए तो नहीं होता. वो बैठी तो होता."

"तुझे कैसे मालूम?"

"चार महीने से मेरे चूल्हे के पास बैठती वो. तुम पुल तक जाके आते, तब तक मेरे को बताती."

"तो मेरे को क्यों नहीं बोली?"

"पहले दिन बोली थी. तुमने गोली देने को बोला."

म्या चाळीस वर्षांत जितक्या बेरिंग बदलल्या, त्यातली एकही त्या घासाएवढी जड नव्हती. यवतमाळच्या वाटेवरचं लाडखेड यायच्या आधी नाही, नंतर होते, म्हणजे गरम झाल्यावर होते. डाव्या अंगाखालून, म्हणजे मागचं डावं चाक. जळका वास, म्हणजे ब्रेक. वजन बसलं तंच होते, रिकाम्या गाडीले होत नाही. उस्तादनं शिकवलेले सगळे सवाल अन् त्यायचे सगळे जवाब माह्याच घरात, चुलीपाशी, चार महिन्यांपासून बसून व्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींच्या घरी गेलो. बाई ओसरीतल्या पलंगावर व्हत्या. पाय सुजून चकाकत व्हते, तोंड बी फुगलतं. श्वास दोन टप्प्यांत येऊन राह्यला व्हता. मी दारातच उभा राह्यलो. टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, एक डाव चला. लाडखेडपर्यंत. तुम्ही तुमच्या जागेवर बसा, मी बाजूले बसतो."

"कायले? माह्यं अंगच हालते ना?"

"ते म्या म्हणलतं, बाई."

"मले मालूम हाय कोण म्हणलं. गुरुजीले असं काही सुचत नाही."

गुरुजी खांबाजवळ उभे व्हते, त्यायनं ऐकून घेतलं.

म्या म्हणलं, "बाई, मले समजत नाही काय बिघडलं ते. तुमाले समजते. तुम्ही दाखवा."

हे चार शब्द म्हणायले मले साठावं वर्ष लागलं. बाईंनी माह्याकडं असं पाह्यलं, जसं पेशंट खरं बोलून राह्यला की खोटं, ते पाहतात. मग म्हणल्या, "उशी घ्या ती."

गुरुजी गाडी चालवायले, बाई मागं डावीकडं, मी त्यायच्या बाजूले अंग चोरून. मागच्या शिटावर बसायची माही पहिलीच वेळ व्हती. मिस्त्री एक तं गाडीच्या समोर राहते नाही तं खालतं. मागं कोण बसते, त्याले तिथं काय लागते, हे मले कधी माहीतच नव्हतं.

पहिले तीन-चार किलोमीटर काहीच नाही. गाडी मख्खन. अन् मी, मनातल्या मनात, खूश व्हायले लागलो, की पाहा, मी खरा निघालो. सून म्हणते, अब्बा हे राहू द्या. नाही, हे बी लिही. बाजूले ती बाई श्वास मोजून राह्यली अन् मले आनंद व्हता की गाडी हालत नाही.

मग बाईंनी माह्यं मनगट धरलं. नाडी पाहाले धरतात तसं, तीन बोटांनी. माहा हात त्यायनं आपल्या बाजूच्या शिटाच्या काठावर ठेवला अन् म्हणल्या, "थांबा. आता येईन."

आली. आधी तळव्याखाली मुंगी चालल्यासारखी. मग मांजर घुरघुरते तशी. मग शिटाचं लोखंड, दरवाजा, बाईंची उशी, सारंच बारीक-बारीक थरथरायले लागलं. लाडखेडची घरं दिसायच्या आत माहे दात एकमेकावर वाजून राह्यले व्हते. जळका वास आला. म्या बाईंकडं पाह्यलं. डोळे मिटलेले. ज्या हाताच्या नसेत सुया टोचतात, तो हात त्यायनं दुसऱ्या हातानं छातीशी आवळून धरलता, की तेवढा तरी हालू नये. असं त्या जायचे तीस अन् यायचे तीस किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, चार महिने बसल्या. अन् आम्ही दोघं मरद त्यायले सांगत व्हतो की भास हाय.

"थांबवा गुरुजी, थांबवा."

गाडी कडेले लागली. मी उतरलो अन् मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमले हात लावला. चटका बसून हात मागं आला. उजव्या चाकाले लावला, कोमट. मी पुन्हा डाव्याजवळ आलो अन् तसाच उभा राह्यलो. अंगात ताप असला की आधी कणकण येते, हे मले माह्या पोरीयच्या तापात बाईंनीच शिकवलं व्हतं. त्या गाडीले ताप व्हता. फक्त हात लावून पाहाचं व्हतं, अन् गाडी थंड व्हायच्या आधी पाहाचं व्हतं. माह्याकडं ती दुसऱ्या दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर यायची.

बाई पाय खाली सोडायले लागल्या, नेहमीच्या सवयीनं. म्या म्हणलं, "उतरू नका, बाई. बसून राहा." अन् गाडीखाली शिरलो.

हँडब्रेकची वायर ताठ व्हती, सतारीच्या तारेसारखी. अन् तिले ज्या ठिकाणी लोखंडी क्लिप पाहिजे, तिथं बोटभर बांधायची तार पिळून बांधली व्हती. तार म्याच बांधली व्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी मागचा कमानपाटा बदलताना ती क्लिप तुटली. पोळ्यापायी दारव्ह्याचं दुकान दोन दिवस बंद, गुरुजीले बाईंना घेऊन जायची घाई. म्या म्हणलं, आज तार बांधतो, दोन दिवसांनी क्लिप टाकतो. दोन दिवस काही आले नाहीत.

ज्याले गाडीतलं समजत नाही त्याच्यासाठी सांगतो. रिकाम्या गाडीत ती वायर ढिली राहे. डाव्या बाजूनं मागं माणूस बसला की गाडी तिकडून दबे, अन् माह्या तारेमुळं वायर ओढल्या जाय. डाव्या चाकाचा ब्रेक जरासा, अगदी जरासा, लागून राहे. काही किलोमीटर घासून घासून ड्रम तापे, अन् तापला की थरथरे. माणूस उतरला की वायर ढिली. म्हणून पुलापर्यंत मख्खन. म्या दर वक्ताले बाईंना उतरवलं, अन् रोगही त्यायच्यासोबत उतरून माह्याच घरात जाऊन अर्धा कप चहा घेत बसला. अजून पंधरा दिवस असंच चाललं असतं तं ते चाक भर रस्त्यात जाम झालं असतं. मग काय झालं असतं, ते मी कोणाले सांगत नाही.

तार कापली. हँडब्रेकची वायर पुरी सोडून दिली, म्हणलं गाडी उभी करताना चाकाले दगड लावू. तार हातात घेतली, अन् पहिला इचार आला तो खिशात घालायचा. खोटं कायले बोलू. काम जरा मोठंच निघालं, असं म्हणायले माही जीभ सरावलेली व्हती. पण बाई खिडकीतून खालतं पाहून राह्यल्या व्हत्या.

म्या तार त्यायच्या हातात दिली. "बाई, ही म्या बांधली व्हती. पोळ्याच्या वक्ताले. काढायची राह्यली."

बाईंनी ती उलटसुलट करून पाह्यली. "एवढीशी?"

"हो."

गुरुजी काहीतरी बोलणार व्हते, बाईंनी हात वर केला. माह्यावर ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. त्या म्हणल्या, "मी टाके घातले की काढायची तारीख भिंतीवर लिहीत व्हती, मिस्त्री. खडूनं. नाव नाही लिहिलं तरी चाले, तारीख लिहा लागे."

म्या म्हणलं, "मले लिहिता येत नाही, बाई."

"खडू तं धरता येते ना?"

मग त्यायनं समोरच्या रस्त्याकडं पाह्यलं अन् गुरुजीले म्हणल्या, "इथपर्यंत आलोच हाय तं चला यवतमाळले. डॉक्टरले फोन लावा."

मी बी सोबत गेलो. दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर चार घंटे बसलो. मारेगावचा एक माणूस आपल्या भावाले घेऊन आलता, ढाणकीची एक बाई एकटीच आलती, कुठून कुठून लोक येतात तिथं. सगळे गाडीचीच गोष्ट करतात. कोणाची मिळाली, कोणाची चुकली, कोणाची बंद पडली. मशीनची गोष्ट कोणी करत नाही. म्या तिथं कोणाले सांगतलं नाही की मी मिस्त्री हाय.

दुसऱ्या दिवशी ड्रम बदलला, क्लिप टाकली, वायर जागेवर बसवली. तेव्हापासून शेडच्या टिनावर खडूनं लिहिणं सुरू केलं. तात्पुरतं काही बांधलं की एक रेघ अन् गाडीचं चित्र. माही चित्रं अशी, की लेक म्हणते, अब्बा, ही गाडी हाय की म्हैस? असू दे. पुसल्याशिवाय गाडी जात नाही. अन् ट्रायलले जाताना जो सांगते की हालते, त्याले त्याच्या जागेवर बसवून नेतो. बाई असो की म्हातारा. म्हशीचा व्यापारी एकदा म्हणला की मागं म्हैस असली की हालते, तं म्हैस बी नेली.

नर्सबाई त्यानंतर सव्वा वर्ष त्याच गाडीनं गेल्या-आल्या. मागच्या उन्हाळ्यात वारल्या. डॉक्टर म्हणे, शरीर थकलं व्हतं. गाडीचं काही नव्हतं, असं गुरुजी मले दोनदा म्हणले, न इचारता. पण त्या दोन चुकलेल्या फेऱ्या कोणाच्या, हे मले माहीत हाय, अन् त्या चार महिन्यांचं मी कोणाले काय सांगू? अंत्ययात्रेत सगळं गाव व्हतं. त्यायच्या हातावर झालेले कितीतरी जण खांदा द्यायले पुढं आले. माह्या दोन्ही पोरी सासरहून आल्या व्हत्या. मी मागं चाललो. त्या दिवशी माह्या बाजूनं उभं राहायले कोणी भ्यालं नसतं.

तार कापली त्या दिवशी परतताना संध्याकाळ व्हायची व्हती. बाई त्यायच्या जागेवर, मी समोर गुरुजींच्या बाजूले. लोहारा मागं पडलं तसं माह्यं तोंड सुरू झालं. छातीवरचा दगड उतरला की माणूस बडबडते. वायर कशी ओढल्या जाते, ड्रम कसा तापते, उस्ताद काय म्हणे, सारं गुरुजीले समजावून सांगत व्हतो. गुरुजी नुसते हूं हूं करून राह्यले व्हते. लाडखेड आलं अन् गेलं. काहीच झालं नाही. मी मागं वळून पाह्यलं.

बाई झोपल्या व्हत्या. मान उशीवर कलली, तोंड जरा उघडं. पट्टी बांधलेला हात शिटावर सैल पडला व्हता, कोणी धरलेला नव्हता.

मले राहवलं नाही. गॅरेजवाल्याचं हळू बोलणं म्हणजे बाकीच्यायचं ओरडणं. म्या म्हणलं, "गुरुजी, पाहा, पाहा! बाई झोपल्या! कशी चालून राह्यली गाडी, पाण्यावर होडी चालते तशी!"

मागून, डोळे न उघडता, बाई म्हणल्या, "झोपली व्हती, मिस्त्री. गाडी गुमान चालून राह्यली, आता तुम्ही बी गुमान बसा."